खुर्चीवाली डॉक्टर

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. डॉक्टर झाली, कानाजवळचे केस पिकायला लागले, तरी धाकटी ती धाकटीच. गल्लीत मात्र तिचा भाव वेगळा. "आमची डॉक्टर" म्हणताना शेजारच्या बायकांचा ऊर असा भरून यायचा, जणू शरीरशास्त्राची जाडजूड पुस्तकं त्यांनीच पाठ केली होती. खरं तर त्या पुस्तकांपायी झिजला तो तिचा दादा. वडील गेले तेव्हा तो कॉलेजात होता. त्यानं कॉलेज सोडलं, पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करून द्यायचं दुकान टाकलं आणि बहिणीला सांगितलं, "तू शिक. बाकीचं मी बघतो." दादाच्या या 'बाकीच्या'त आईची दुखणी, गळकं छप्पर, वहिनीचे रुसवे असं सगळंच येतं. आणि हा माणूस खरोखर बघतो. फक्त बघताना कुणाला काही सांगत नाही, एवढी एक खोड.

परदेशी जायचं धाकटीनं स्वतःच ठरवलं, उगाच दुसऱ्यावर ढकलण्यात अर्थ नाही. पोटाच्या विकारांचं काम तिला मनापासून आवडायचं, आणि गावच्या दवाखान्यात दुर्बीण आत घालून बघायचं यंत्र होतं ते कायम दुरुस्तीला गेलेलं. तिकडे जाऊन दोन वर्षं शिकायचं आणि परत यायचं, असा साधा हिशोब. आईनं विचारलं, "दोनच ना?" धाकटी म्हणाली, "दोनच." दुरून डोंगर साजरे हे आपण शाळेत फळ्यावर लिहितो, पण त्याचा अर्थ डोंगरावर राहायला गेल्याशिवाय कळत नाही.

हॉस्पिटलनं तिला राहायला खोली दिली ती हॉस्पिटलच्याच मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची, आणि भिंतीत बसवलेला हीटर. हा हीटर सगळ्या इमारतीचा एकत्र चालायचा, त्यामुळे उकडलं तरी बंद करता यायचा नाही. खिडकी वीतभरच उघडायची. कुणी उडी मारू नये म्हणून तशी सोय केली होती म्हणे. समोर धुलाईघराची भिंत, तिच्यातून सदानकदा वाफ. खोलीतून वॉर्डात जायला बंद व्हरांडा होता, त्यामुळे पावसापाण्याचा त्रास नाही, हे तिला पहिल्या दिवशी मोठ्या कौतुकानं दाखवलं गेलं. त्रास नव्हताच. आठवडेच्या आठवडे अंगाला वाराही लागायचा नाही.

तिथला तिचा कामाचा परवाना त्या एका हॉस्पिटलला बांधलेला. दुसरीकडे नोकरी धरायची तर सगळं पहिल्यापासून. परत जायचं तर शिक्षण अर्धवट. दोन वर्षं झाली तेव्हा कळलं की आणखी एक परीक्षा दिल्याशिवाय या शिक्षणाला किंमत नाही. परीक्षा दिली तेव्हा कळलं की तिथं कायम राहायचा परवाना मिळाला तर हवं तेव्हा जाता-येता येईल. मग त्याचा अर्ज, आणि अर्जासोबत पासपोर्टही जमा. अर्ज चालू असताना देश सोडला तर अर्ज रद्द. "एवढा एक कागद आला की येते," हे वाक्य तिनं आईला इतक्यांदा ऐकवलं की पुढेपुढे आईच तिच्याआधी म्हणायची, "हो, कागद आला की." दावणीच्या जनावराला निदान दावं दिसतं. हिचं दावं कुठल्या तरी कचेरीत, कुणाच्या तरी टेबलावर पडलं होतं.

तिच्या हातून तिथं एक चूक झाली होती, ती सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथूनच आहे.

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. वॉर्डात एक म्हातारा सुतार दाखल होता. तपासणीचा निकाल आला, तो वाईट होता. सुताराची मुलगी शाळेची बस चालवायची, ती बापाला भेटायला आलेली धाकटीला व्हरांड्यात दिसली. धाकटीनं अगदी मायेनं तिला चादरींच्या कपाटापाशी बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. वर म्हणाली, "त्यांना इतक्यात काही बोलू नका. दोन घास सुखानं खाऊ देत." गावाकडे तिनं हे शेकडो वेळा केलं होतं. रोग्याला बाहेर बाकावर बसवायचं, घरातल्या कर्त्या माणसाला आत बोलवायचं, दार लोटायचं आणि सांगायचं. मग तो कर्ता माणूस बाहेर जाऊन रोग्याला काहीतरी बरंसं सांगणार. सगळे डॉक्टर असंच करत. तिचे वरिष्ठ, ज्यांना ती डॉक्टरकाका म्हणायची, तेही असंच करत.

बसवाल्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि तडक बापाच्या पलंगाशी जाऊन म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय झालंय ते डॉक्टरांनी तुमच्याआधी मला सांगितलंय. हे मला चालणार नाही." म्हाताऱ्यानं धाकटीकडे बघितलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, "बाई, माप माझं. ते मला न विचारता तुम्ही दुसऱ्याला दिलंत."

तक्रार झाली. वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी नुसतं विचारलं, "तुमच्याकडे असं का करतात?" धाकटी म्हणाली, "आमच्याकडे माणूस एकटा आजारी पडत नाही, घर आजारी पडतं." त्यांना हे उत्तर आवडलं. आवडलं तरी तिला सरावाला बसवलंच.

हा सराव म्हणजे एक गंमतच होती. एका छोट्या खोलीत हॉस्पिटलनं नेमलेला एक निवृत्त नट रोगी होऊन बसायचा आणि धाकटीनं त्याला सांगायचं की तुम्हाला असाध्य आजार आहे. म्हातारा मोठा कसलेला. कधी हमसून रडायचा, कधी टेबलावर मूठ आपटायचा, एकदा तर नुसता हसत राहिला आणि धाकटीचं पाणी पाणी झालं. खेळ संपला की डोळे पुसून सल्ला द्यायचा, "फार लवकर बोलता हो तुम्ही. मला रडायला जागाच ठेवली नाहीत." त्याला पुन्हा पुन्हा मरणाची बातमी देऊन ती शिकली. उभ्यानं सांगायचं नाही, खुर्ची ओढून समोर बसायचं. आधी विचारायचं, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल? किती ऐकायची इच्छा आहे? मग साध्या शब्दांत सांगायचं. आणि सांगून झाल्यावर गप्प बसायचं. ही शेवटची पायरी सगळ्यात अवघड. गप्प बसवत नाही म्हणून तर माणसं खोटं बोलतात.

ती इतकी छान शिकली की हात दाखवून अवलक्षण झालं. वाईट बातमी कुणाचीही असो, "तिला बोलवा, तिला जमतं." मोठे डॉक्टरही आपल्या वाट्याच्या बातम्या हळूच तिच्याकडे सरकवायला लागले. नर्सबायांनी तिचं नाव पाडलं, खुर्चीवाली डॉक्टर. पुढे रोग्यांनाही ते कळलं. एकदा एक बाई तिला कोपऱ्यातली खुर्ची उचलताना बघूनच म्हणाली, "राहू द्या ती तिथंच. समजलं मला."

घरी व्हिडिओ फोन व्हायचा तो आठवड्याच्या सुट्टीला, दादाच्या मोबाइलवर. दादा तो आईसमोर धरायचा, आई छपराशी बोलल्यासारखी मोठ्यानं बोलायची. एकदा बोलता बोलता आईनं पदर सावरला आणि धाकटीला दिसलं की तिच्या बांगड्या पार कोपरापर्यंत वर गेल्या आहेत. मनगटाच्या बांगड्या कोपरापर्यंत कशा जातील? आई दुसऱ्या हातानं सारखी दंड खाजवत होती.

"आई, खाज कसली सुटलीय?"

"हवा बदललीय ना," आईच्या आधी दादाच बोलला. "जरा कावीळ झाली होती. साधीच. उतरतेय आता."

"दादा, फोन जरा उजेडाकडे कर. मला तिचे डोळे बघू दे."

आई खिडकीकडे पाठ करून बसली होती. एरवी तिला तसं बसायला कधी आवडत नसे. तिला कुणीतरी मुद्दाम बसवलं होतं.

"रेंज जातेय गं," दादा म्हणाला, आणि फोन बंद झाला.

पोटाच्या विकारांचं शिकायला गेलेली बाई ती. कावीळ, खाज आणि झपाट्यानं उतरलेलं अंग ही तिघं हातात हात घालून आली की मागे कोण उभं असतं हे तिला विचारायची गरज नव्हती. तिनं दुसऱ्या दिवशी दुकानात फोन लावला. मागे ग्राइंडर चालू होता. ती म्हणाली, "दादा, स्वादुपिंडाची गाठ आहे ना?"

ग्राइंडर बंद झाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"मी डॉक्टर आहे, दादा. किती पसरलीय?"

"ऑपरेशनच्या पलीकडे म्हणाले डॉक्टरकाका. पित्त मोकळं व्हावं म्हणून नळी घातलीय आत. औषधं चालू आहेत."

"आणि मला आत्ता सांगतोयस?"

"तू विचारलंस म्हणून सांगतोय. नाहीतर आत्ताही सांगितलं नसतं." दादाचा आवाज चढला, मग एकदम बसला. "सांगून काय केलं असतंस? येता येतंय का तुला? तिथं एकटी तडफडत बसली असतीस. आईला पण काही माहीत नाही. तिला कावीळच सांगितलीय. तू उगाच तिकडची पद्धत इकडे आणू नकोस. बाकीचं मी बघतो."

धाकटी पलंगावर बसली. डॉक्टरकाकांनी दादाला एकट्याला आत बोलावलं असणार, दार लोटलं असणार आणि खांद्यावर हात ठेवून सांगितलं असणार की दोघींना इतक्यात बोलू नका. म्हणजे बाहेरच्या बाकावर आई एकटी नव्हती, तिच्या शेजारी जणू धाकटीही बसली होती. तिला दादाचा भयंकर राग आला, आणि त्याच्यावर रागावायला आपल्याला तोंड नाही याचा त्याहून जास्त आला.

तिनं वेळ घालवला नाही. हॉस्पिटलच्या कचेरीत जाऊन सांगितलं की परवान्याचा अर्ज मागे घ्यायचाय, माझा पासपोर्ट परत द्या. तिथली कारकून बाई भली होती. म्हणाली, "इतकी वर्षं थांबलात, आता काठावर आलंय. एकदा विचार करा."

"केलाय."

"मग आजच कळवते. पण पासपोर्ट आमच्याकडे नसतो. परवान्याच्या मुख्य कचेरीत असतो. अर्ज मागे घेतला तरी त्याची फाईल वरपर्यंत जाते, मग खाली येते. तोवर तो हलत नाही."

"किती दिवस?"

"ते तिथले लोकही सांगत नाहीत."

तिनं आपल्या देशाच्या वकिलातीत फोन केला. तिथल्या माणसानं विचारलं, "पासपोर्ट हरवलाय का?" नाही, कचेरीत अडकलाय. "मग हरवला नाही ना! हरवल्याशिवाय आम्हाला दुसरा देता येत नाही." तिला वाटलं, या माणसाला फोनमधून हात घालून गदागदा हलवावं. राहायचं म्हणून अडकलेली माणसं पुष्कळ असतात. ही सगळं सोडून निघाली होती आणि तरी अडकली होती. ती पुन्हा बंद व्हरांड्यातून वॉर्डात गेली, कारण दुसरीकडे जायला वाटच नव्हती.

आणि मग एका सकाळी, वॉर्डाची फेरी चालू असताना, वहिनीच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे आई. आईनं आपणहून फोन लावल्याचं धाकटीला आठवत नव्हतं. ती शेजारच्या छोट्या खोलीत शिरली. नातेवाइकांशी बोलायची ती खोली. दोन खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर रुमालांचा खोका. दाराजवळच्या खुर्चीवर ती नेहमी बसायची. आज जी हाताला लागली तिच्यावर बसली, ती समोरची, नातेवाइकांची निघाली.

"दादा दुकानात गेलाय," आई म्हणाली, "आणि सून बाजारात. फोन इथंच विसरून गेलीय. आता जरा मोकळं बोलता येईल. तुझी कामाची वेळ आहे ना?"

"असू दे. आई, तुला..." तिची जीभ सवयीनं वळली. "तुला काय वाटतंय, काय झालं असेल?"

"हे काय परक्यासारखं विचारतेस? मी काय तुझी पेशंट आहे?"

धाकटीनं रुमालांचा खोका बाजूला सरकवला.

"कावीळ नाही ते माहितेय मला," आई म्हणाली. "डॉक्टरांनी मला बाकावर बसवलं आणि दादाला एकट्यालाच आत बोलावलं. दार लावलं. कावीळ सांगायला कुणी दार लावतं का? तुझ्या बाबांच्या वेळी मला असंच आत बोलावलं होतं. मी बाहेर आले, त्यांना म्हटलं, अल्सर आहे, पथ्य पाळलं की बरं वाटेल. त्यांनी मान हलवली. मला इतकी वर्षं वाटायचं, बरं झालं, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही." ती थांबली. दम लागत होता. "आता स्वतः त्या बाकावर बसले तेव्हा कळलं गं. त्यांनाही सगळं ठाऊक होतं."

"आई..."

"दादाला सांगू नकोस हं, मला माहितेय म्हणून. आतून तोंड धुऊन आला होता बिचारा. किती मन लावून खोटं बोलतो. रोज सकाळी माझे डोळे बघून म्हणतो, आज पिवळेपणा कमी आहे. त्याच्याकडून तेवढंही काढून घेतलं तर तो करेल काय?"

"नाही सांगणार."

"आता मला एकच सांग. गाठ कुठं, केवढी, ते नको. मला त्यातलं काय कळतंय? तू येईपर्यंत मी आहे का?"

किती जणांना तिनं या खोलीत सांगितलं होतं. इथं बसून तिच्या तोंडून कधी खोटं निघालं नव्हतं. आता निघालं असतं, अगदी सहज. आहेस की, असं म्हटलं असतं आणि आईनं पलीकडे मान हलवली असती. वडिलांनी हलवली होती तशीच. त्या मानेला ती घाबरली.

"मला नाही वाटत, आई," ती म्हणाली. आणि गप्प बसली.

पलीकडून दंड खाजवल्याचा आवाज येत होता. तो थांबला. पुष्कळ वेळ काहीच आलं नाही. ती शांतता मोडायला धाकटीचा जीव नुसता कासावीस होत होता, पण तिनं मोडली नाही.

"बरं," आई म्हणाली. "बरं झालं सांगितलंस. रोज दाराकडे तोंड करून पडत होते. या कुशीवर फार दुखतं गं. आता दुसऱ्या कुशीवर वळेन."

"आई, मी अर्ज मागे घेतलाय. पासपोर्ट हातात आला की त्याच दिवशी निघते. खरंच निघते."

"हो गं बाई. ये. कधीही ये, घर आहेच." मग आवाज एकदम खाली आला. "सून आली वाटतं. ठेवते."

धाकटी टेबलावर डोकं ठेवून रडली. रागानं रडली. कचेरीवर, वकिलातीवर, दोन वर्षं म्हणणाऱ्या स्वतःच्या तोंडावर. बाहेरून नर्सनं दार वाजवलं, "डॉक्टर, सातव्या पलंगाचा रिपोर्ट आलाय. तुम्हीच बोलाल ना?" तिनं तोंड धुतलं आणि गेली.

सुट्टीच्या दिवशी नेहमीसारखा फोन झाला. आई खिडकीकडे पाठ करून बसली होती. दादानं सांगितलं, कावीळ उतरतेय. आई म्हणाली, "हो, आज बरंच बरं वाटतंय." धाकटीनं पथ्य सांगितलं, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, उकळून प्यायला सांगितलं. आई सगळ्याला हो म्हणाली. मग आई दमली म्हणून आडवी झाली आणि दादा फोन घेऊन अंगणात आला. दाढी वाढली होती, डोळे आत गेले होते. त्यानं मागे वळून दार नीट लागलंय का ते बघितलं आणि फोन तोंडाजवळ धरला.

"बघितलंस ना?" तो हळू आवाजात म्हणाला. त्या आवाजात दमणूक होती आणि थोडा अभिमानही. "तिला अजून कशाचा पत्ता नाही. एवढं तरी जमलं मला."

"हो दादा," धाकटी म्हणाली. "छान सांभाळलंस."